घड्याळाचं मागचं झाकण घरी उघडायचंय, सेल बदलायचाय आणि डायलवरची सुटलेली पट्टीपण बघायचीय

सावंतवाडीचा_पाऊस:
नमस्कार मंडळी. बाबांचं जुनं क्वार्ट्झ घड्याळ आहे, स्टीलचं, गोल, तीन काटे, तारीख नाही. बंद पडलंय. शिवाय डायलवर ६ च्या जागची ती चकचकीत पट्टी असते ना, ती सुटून काचेच्या आत इकडून तिकडे फिरतेय, हलवलं की खुळखुळ आवाज येतो. आमच्या बाजारातल्या घड्याळजींचं आता वय झालंय, ते बसत नाहीत, आणि त्यांच्या मुलाने त्याच जागेत मोबाइल रिपेअरिंग टाकलंय, तो म्हणतो घड्याळाला हात लावत नाही. बाबा रोज सकाळी चहा घेताना विचारतात झालं का, झालं का. म्हणून म्हटलं आपणच उघडू. मागचं झाकण गुळगुळीत आहे, स्क्रू नाहीत, खाचापण नाहीत, फक्त एका जागी कडेला नख जाईल न जाईल एवढी फट दिसते. माझ्याकडे मोबाइलचा स्क्रूड्रायव्हर सेट आहे. स्वयंपाकघरातली सुरी चालेल का? आणि सेल कुठला आणायचा? बाहेर पाऊस धो धो चालू आहे, त्याने काही फरक पडतो का तेही सांगा.

ठाण्याचा_टिकटिक:
सुरी नको. धार असलेलं काहीच नको, सटकलं की आधी झाकणावर ओरखडा आणि मग अंगठ्यात. घड्याळाच्या सामानाच्या दुकानात आणि ऑनलाइनपण केस नाइफ मिळतो, आखूड पातं, जाड, बोथट, तो घ्या, महाग नसतो.

पण त्याआधी एक करा. सेल संपलाय की सुटलेली पट्टी काट्यात अडकलीय ते बघा. चावी (बाजूचं ते गोल बटण) बाहेर ओढून काटे हळू फिरवा, कुठे अडतात का बघा. अडले तर तिथेच थांबायचं, जोर लावायचा नाही. मग घड्याळ उभं धरून बोटाने हलकी टिचकी मारा म्हणजे पट्टी कडेला जाईल, आणि चावी आत ढकलून मिनिटभर बघा. सेकंद काटा जागच्या जागी थरथरत असेल तर सेल अगदी शेवटाला आलाय नाहीतर काहीतरी अडतंय. काहीच हालचाल नसेल तर बहुतेक सेल संपलाय. काही मशीनमध्ये सेल संपत आला की सेकंद काटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारतो, ती सोय सगळ्यात नसते.

आता झाकण. तुम्ही जे सांगताय ते दाबून बसवलेलं झाकण. कडेला सहा खाचा असत्या तर आट्यांचं असतं, ते रबरी बॉल दाबून फिरवून किंवा तीन पायांच्या पान्याने उघडतात, आणि चार बारीक स्क्रूवालं तर दिसतंच. तुमची ती फट म्हणजे पातं घालायचीच जागा आहे. आधी पट्टा काढा, पट्टा लावलेला असताना घड्याळ हातात नीट बसतच नाही, आणि पट्ट्याची स्प्रिंगची पिन काढताना वर बोट ठेवा नाहीतर ती कपाटाखाली जाणार हे नक्की. खाली परात घ्या, त्यात पांढरा रुमाल, म्हणजे काही उडालं तरी परातीत राहील. फटीच्या आजूबाजूला केसवर, म्हणजे घड्याळाच्या स्टीलच्या बॉडीवर, मास्किंग टेप चिकटवा. पातं फटीत टेकवून आत दाबायचं आणि मनगटाने किंचित पिळायचं, उचकटायचं नाही. टक् आवाज येतो. पातं फार आत घालू नका, लगेच खाली मशीन आहे.

झाकण निघाल्याबरोबर आधी फोटो काढा, कशालाही हात लावायच्या आधी.

नको_रे_बाबा:
कशाला हे सगळं? कुडाळला किंवा पणजीला जाल तेव्हा घेऊन जा, सेल तर पाच मिनिटांत बदलून देतात. सेट, चाकू, भिंग मिळून जेवढे जातील त्यात चार वेळा सेल बदलून होईल.

ठाण्याचा_टिकटिक:
@नको_रे_बाबा पैशाचा हिशेब बरोबर आहे तुमचा, पण ते हिशेबासाठी करत नाहीयेत ना.

मशीनवाली:
सेलचं मी सांगते. उघडल्याशिवाय नंबर कळत नाही, आतल्या सेलवर लिहिलेला असतो, म्हणून आधी उघडा मग दुकानात जा. अशा साध्या तीन काट्यांच्या घड्याळात बरेचदा ३७७ निघतो, त्याचंच दुसरं नाव एसआर६२६एसडब्ल्यू, साधारण ६.८ मिमी रुंद आणि २.६ जाड. दुकानदार त्याच मापाचा एजी४ किंवा एलआर६२६ पुढे करेल, "सेम आहे मॅडम" म्हणेल. सेम नाही. माप सेम, आतला मसाला वेगळा. एसआर म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड, १.५५ व्होल्ट, आणि ते व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत टिकतं आणि मग एकदम पडतं. एलआर म्हणजे अल्कलाइन, १.५ पासून सुरू होऊन हळूहळू उतरत जातं आणि विसरून पडून राहिलं तर गळायचीही भीती जास्त. ते खेळण्यासाठी ठीक आहे, बाबांच्या घड्याळात घालू नका. आणि सौरऊर्जेवर चालणारं घड्याळ कुणी उघडत असेल तर त्यात हे काहीच घालायचं नाही, त्यात चार्ज होणारा सेल असतो, नेहमीचा सेल त्यात धोक्याचा.

सेल काढायला लोखंडी चिमटा नको, वरची आणि कडेची बाजू एकदम पकडली जाते आणि शॉर्ट होतो, प्लॅस्टिकचा घ्या. सेलला कडेने दाबून धरणारी एक छोटी पत्र्याची पट्टी किंवा स्प्रिंग असते, ती बाजूला सारायची, वाकवायची नाही. नवीन सेलला बोटं लावू नका, हाताचा घाम लागतो, आणि पावसाळ्यात तर हात कायम ओलसरच.

आणि मुख्य म्हणजे कॉइल. सेलच्या शेजारी तांबूस गुंडाळी दिसेल, तिची तार केसापेक्षा बारीक असते. स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्यावरून एकदा घसरलं की संपलं, मशीनच बदलावं लागतं. घरी उघडलेली घड्याळं मरतात ती बहुतेक इथेच, झाकणाशी नाही. बाकी क्वार्ट्झचा तो इवलासा क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, सर्किट त्याला पंधरा वेळा निम्मं निम्मं करत एकावर आणतं आणि मग त्या कॉइलमुळे एक ठोका पडतो, म्हणजे सगळा डोलारा त्या तारेवर उभा आहे. तिच्याकडे हत्यार फिरकूच देऊ नका.

सावंतवाडीचा_पाऊस:
खूप खूप धन्यवाद ताई, दादा. केस नाइफ मागवला, काल आला. झाकण उघडलं, दादांनी सांगितलं तसा टक् आवाज आला, शेजारच्या खोलीतून बाबांनी विचारलं काय मोडलं. आत पांढरी प्लॅस्टिकची रिंग आणि मधे छोटंसं मशीन, त्यावर मियोटा २०३५ लिहिलंय. सेल ३७७ च निघाला. नवीन घातला आणि चक्क चालू झालं! पण आता झाकण बसत नाहीये. दोन्ही अंगठ्यांनी दाबलं, एका बाजूने बसतं तर दुसऱ्या बाजूने वर येतं. काच खाली आहे म्हणून जास्त जोर लावायची भीती वाटते. आणि पट्टी अजून आतच फिरतेय.

ठाण्याचा_टिकटिक:
भीती वाटतेय तेच बरंय. उघडणं सोपं असतं, बसवण्यातच लोकांच्या काचा फुटतात.

आधी झाकणाची आतली कड बघा, गोल कडेत एका जागी छोटा कापलेला भाग दिसेल. तो चावीच्या दांडीवर यायला हवा. थोडासा जरी फिरला असेल तरी ते कधीच बसणार नाही, आणि जोराने बसवलंत तर दांडी वाकते. दुसरं, रबराची किंवा प्लॅस्टिकची बारीक रिंग, ती खोबणीतून बाहेर आलीय का? बरेचदा तीच कडेत अडकलेली असते. तिसरं, ती पांढरी रिंग जरा वर उचलली गेलीय का ते बघा, ती सपाट बसली नाही तर झाकण तिच्यावरच टेकतं.

हे तिन्ही बरोबर असेल तर घड्याळ मऊ कापडाच्या घडीवर उपडं ठेवा, अशी घडी करा की भार केसच्या कडेवर येईल, काचेच्या मधोमध नाही. जिथून उघडलंत त्याच्या समोरची बाजू आधी बसवा आणि मग अंगठे दोन्हीकडून सरकवत फटीपर्यंत आणा. तरी नाही बसलं तर थांबा, काही झाकणं अंगठ्याने बसतच नाहीत, त्यांच्यासाठी प्रेस लागतो. हँडलवाला छोटा प्रेस मिळतो, सोबत वेगवेगळ्या मापाच्या गोल नायलॉनच्या डाय, म्हणजे दाबायच्या चकत्या असतात. झाकणाच्या बाजूला सपाट डाय, काचेच्या बाजूला मधे पोकळ असलेली, काचेला न टेकता फक्त कडेवर बसेल एवढी मोठी. सुताराचा शिकंजा, लाटणं, दरवाजाच्या फटीत धरून दाबणं, असले व्हिडिओ खूप फिरतात, बघून सोडून द्या.

बारामतीचे_आजोबा:
वाचत होतो म्हणून लिहितो. आमच्या वेळी असलं काही नव्हतं, एचएमटी जनता होतं, रोज सकाळी चावी द्यायची, सतरा ज्वेल, आणि मागे पडलं की पुढे करायचं एवढंच माहीत. १९६१ साली बेंगलोरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने एचएमटीची घड्याळं निघायला लागली आणि मग लग्नात, नोकरीत, रिटायर झाल्यावर सगळीकडे तेच, आणि २०१६ ला सरकारने तो घड्याळाचा कारखाना बंदच करायचं ठरवलं. तर सांगायचं हे की सावंतवाडीवाल्या मुला, तुझ्या वडलांच्या घड्याळातलं मियोटा हे त्याच सिटिझनचं मशीन आहे. आणि इथे वाचून कुणी चावीचं घड्याळ उघडायला जाईल तर जरा सबुरीने, त्यात सेल नाही, स्प्रिंग भरलेली असते, चुकीचा स्क्रू सैल केला की सगळा जोर एकदम सुटतो. आणि कृपा करून त्यात शिलाई मशीनचं तेल घालू नका, आमच्याकडे प्रत्येक घरात एक शहाणा असायचा जो थेंब सोडायचा. दोन दिवस छान चालतं, मग ते तेल पसरतं, धूळ धरतं आणि घट्ट होतं. घड्याळाचं तेल वेगळं असतं आणि ते सुईच्या टोकावर येईल एवढंच घालतात, तेही धुऊन झाल्यावर. एकदम दिवसाला दहा-पंधरा मिनिटं पुढे धावायला लागलं तर स्पीकर किंवा मोबाइलच्या चुंबकाजवळ ठेवलं होतं का ते आधी आठवा, हेअरस्प्रिंगला, म्हणजे घड्याळाची गती सांभाळणाऱ्या बारीक स्प्रिंगला, चुंबक लागतो, तो काढायचं छोटं मशीन असतं.

मशीनवाली:
आजोबा मस्त! तेलाचं अगदी खरंय.

@सावंतवाडीचा_पाऊस आता पट्टीचं. झाकण अजून लावलं नसेल तर लावूच नका. पट्टी काढायची तर मशीन डायलसकट बाहेर यायला हवं आणि त्यासाठी चावीची दांडी आधी ओढून काढावी लागते. दांडी जिथून आत जाते तिथे जवळच मशीनवर एक बारीक खळगा दिसेल, तो पातळ टोकाने हलका दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताने चावी सरळ ओढायची. जास्त दाबलंत तर आतली लिव्हर जागेवरून सरकते आणि मग चावी परत धरतच नाही, तेव्हा घाई नको. त्याआधी तास आणि मिनिट काटे १० आणि २ कडे नेऊन ठेवा आणि सेकंद काटा १२ जवळ आला की सेल काढा, म्हणजे ६ ची जागा मोकळी राहील आणि काटे उपटायची गरजच पडणार नाही.

मग हलकेच उपडं केलं की मशीन हातात आणि पट्टी परातीत. चिकटवायला फेविक्विकसारखं काही वापरू नका. त्याची वाफ बंद केसमध्ये काचेला आणि डायलला पांढरा थर आणते आणि तो सहज जात नाही. घड्याळाचा पारदर्शक गोंद मिळतो सुईच्या नळीवाला, नाहीतर साधा दोन नळ्यांचा इपॉक्सी, टाचणीच्या टोकावर येईल इतकाच. पट्टीच्या मागे बारीक पाय असतील तर ते डायलच्या भोकात बसतात, नसतील तर सरळ बसलीय का हे भिंगातून बघावं लागेल. रात्रभर सुकू द्या.

पावसाचं विचारलं होतंत. दमट हवेत बंद केलेलं घड्याळ एसीत गेलं की काचेवर आतून धुकं येतं. गोंद सुकत असतानाच ते उघडं घड्याळ एका घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत बुटाच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या, ताज्या असतील तर. मग दुसऱ्या दिवशी पंखा बंद करून झाकण लावा, पंख्याने धूळ उडते.

सावंतवाडीचा_पाऊस:
झाकणाचा तो कापलेला भागच चुकीच्या जागी होता दादा, फिरवल्यावर अंगठ्यांनीच बसलं, प्रेस लागला नाही. ताईंचा मेसेज त्यानंतर वाचला म्हणजे आता परत उघडावं लागेल. पट्टीचं काम मात्र मी गणपतीत गोव्याला मावशीकडे जाईन तेव्हा तिथल्या घड्याळजींकडून करून घेतो, दांडीची लिव्हर वगैरे वाचून माझा धीर होत नाही. तोपर्यंत पट्टी ४ च्या खाली कडेला जाऊन बसलीय आणि काटे मोकळे फिरतायत. एक शेवटचं, झाकणावर ३० मीटर वॉटर रेझिस्टंट लिहिलंय, बाबा हात धुताना काढत नाहीत, चालेल ना?

ठाण्याचा_टिकटिक:
नाही. ते ३० मीटर झाकणाची ती बारीक रिंग नवीन असताना आणि स्थिर दाबावर असतं, म्हणजे नवं असतानाही शिंतोडे, हात धुणं एवढंच. आता जुनी रिंग एकदा काढून परत बसवलीय, तिचा भरवसा धरू नका. पट्टीसाठी उघडाल तेव्हा त्याच घड्याळजींना रिंग नवीन घालायला सांगा, आणि नाहीच मिळाली तर त्याच रिंगेला सिलिकॉन ग्रीस बोटाच्या टोकाने अगदी पातळ लावून घ्या, व्हॅसलिन नको, ते काही रबरांना फुगवतं. तोवर बाबांना सांगा नळाखाली काढून ठेवायला, ऐकतील की नाही तुम्हालाच माहीत.