मर्सी मावशी सिस्टर होणार आहेत का?

बुधवार, ११ फेब्रुवारी २०२६

देशमुख काका (सचिव): सर्व सभासदांना कळविण्यात येते की येत्या रविवारी दि. १५ रोजी सकाळी ९ ते दुपारी १ या वेळेत गच्चीवरची टाकी साफ केली जाईल. पाणी बंद राहील. आदल्या रात्री भरून ठेवावे.

नीता वहिनी, बी-२०३: काका, रविवारी महाशिवरात्र आहे हो. सणाच्या दिवशी पाणी बंद?

देशमुख काका: टाकीवाला पोरगा रविवारीच मोकळा असतो. मी काय करू.

स्टेफी, ए-३०४: काका, आमच्याकडेही रविवारी तीस-पस्तीस माणसं जेवायला आहेत. मम्मींचा चर्चमध्ये विधी आहे, नऊच्या मिस्सेत. जमलं तर दिवस बदला ना.

नीता वहिनी: कसला विधी गं?

स्टेफी: मम्मी फ्रान्सिस्कन तृतीय संघात आयुष्यभराचं वचन देणार आहेत. तीन वर्षं तयारी चालली होती.

नीता वहिनी: अगं बाई! म्हणजे मर्सी मावशी सिस्टर होणार? या वयात?

रोहन, सी-१०२: मावशी कॉन्व्हेंटात गेल्या तर गच्चीवर सुकट कोण वाळवणार? आणि मी तक्रार कुणाची करणार?

सुलभाताई, ए-२०२: रोहन, गप रे. स्टेफी, खरंच जाणार का गं त्या? बाळाचं कसं करणार तुम्ही?

स्टेफी: कुठ्ठे जात नाहीयेत त्या. आत्ता इथे बसून बाळाला वरणभात भरवतायत. मला एवढंच कळलंय की घर सोडायचं नसतं. बाकी पीटर काकांना विचारा.

पीटर काका, बी-४०१: वाचतोच आहे. सिस्टर नाही, नन नाही, काही नाही. नीट सांगतो, कारण आमच्या धर्मग्रामातल्याही निम्म्या लोकांना हे ठाऊक नसतं.

असिसीच्या संत फ्रान्सिसांच्या घराला तीन दारं आहेत. पहिलं ब्रदर-फादरांचं. तपकिरी झगा, कमरेच्या दोरीला तीन गाठी. त्यांच्यातलेच एक कपुचिन, ज्यांच्या झग्याच्या रंगावरून रोहनच्या महागड्या कॉफीचं नाव पडलं. दुसरं संत क्लाराच्या सिस्टरांचं, मठाच्या भिंतीआडचं. आणि तिसरं तुमच्या-आमच्यासारख्या प्रापंचिकांचं. लग्न झालेले, दुकान चालवणारे, शेतीवाले, कुणीही. त्यांच्यासाठी पहिली नियमावली १२२१ साली लिहिली गेली. सध्या चालते ती पोप सहावे पॉल यांनी १९७८ मध्ये मंजूर केलेली. झगा नाही, व्रतं नाहीत, वचन असतं. सकाळ-संध्याकाळची प्रार्थना, महिन्याची सभा, आणि उरलेलं सगळं घरात, कामावर, विरार लोकलमध्ये. गळ्यात लाकडाचा टाऊ क्रूस असतो, इंग्रजी टी अक्षरासारखा. तेवढीच काय ती खूण.

सुलभाताई: म्हणजे माळ घातली म्हणा की. आमचे माळकरी तरी कुठे संसार सोडतात? शेत नांगरायचं, एकादशी पाळायची, वारी चुकवायची नाही.

पीटर काका: सुलभाताई, पंचवीस वर्षं मी जे लोकांना समजावतोय ते तुम्ही एका ओळीत सांगितलंत. फक्त आमच्याकडे मटण चालतं.

नीता वहिनी: 😂

ग्लॅडिस, सी-३०१: पीटर काका, राग मानू नका, पण आपल्या चर्चमध्ये असे गट काय कमी आहेत? लिजन ऑफ मेरी आहे, विन्सेंट डी पॉल आहे, करिस्मॅटिकवाले आहेत. तेच ते चेहरे, तीच ती रोझरी. यात वेगळं काय?

पीटर काका: तो गट आहे, हा संघ आहे. गट सोडता येतो, इथे जन्मभराचं वचन आहे. अनेक महिने परीक्षा बघूनच घेतात. दर तीन वर्षांनी आपल्यातलाच प्रमुख निवडतात, त्याला मिनिस्टर म्हणतात. फादर असतात, पण सहायक म्हणून, साहेब म्हणून नव्हे. तुझ्या बोलण्यात तथ्य आहे ते चेहऱ्यांबद्दल. तरुण येत नाहीत, हे खरं.

देशमुख काका: दर तीन वर्षांनी निवडणूक होते आणि उमेदवार मिळतात? इथे माझ्या जागी कुणी यायला तयार नाही.

रोहन: फॉरवर्ड आलाय बघा. “८०० वर्षांनी चमत्कार! संत फ्रान्सिस यांचा न कुजलेला देह प्रथमच जगासमोर! जास्तीत जास्त शेअर करा!!”

देशमुख काका: हे गोव्याचे ना? आम्ही मागच्या वर्षी जाऊन आलो की. जुन्या गोव्यात चार तास रांगेत होतो. हिने नंतर दोन दिवस पाय चोळले.

पीटर काका: देशमुख, ते वेगळे. तुम्ही पाहिलेत ते फ्रान्सिस झेवियर. जेझुइट, म्हणजे वेगळ्याच संघाचे, स्पेनकडचे, १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले. आपल्या वसईलाही येऊन गेलेत. त्यांचं दर्शन दर दहा वर्षांनी असतं, २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ झालं ते. हे असिसीचे, इटलीतले, त्यांच्याही तीनशे वर्षं आधीचे. ३ ऑक्टोबर १२२६ च्या संध्याकाळी गेले. यंदा आठशे वर्षं होतात, म्हणून असिसीला त्यांचे अवशेष २२ फेब्रुवारी ते २२ मार्च दर्शनाला ठेवणार आहेत. एवढी बातमी खरी. न कुजलेला वगैरे साफ खोटं. हाडं आहेत, साधी हाडं. १२३० मध्ये कुणी चोरू नये म्हणून बॅसिलिकाखाली खोल दडवली होती, ती सापडली १८१८ साली. खरं एवढं भारी असताना लोकांना वर चमत्काराची फोडणी कशाला लागते, मला कळत नाही.

रोहन: डिलीट करतो. पण मग पोप फ्रान्सिस कुणाचे?

पीटर काका: ते जेझुइट, नाव मात्र असिसीवाल्यांचं घेतलं. आताचे पोप चौदावे लिओ ऑगस्टिनियन आहेत. आणि तेरावे लिओ, एकोणिसाव्या शतकातले, ते स्वतः या तृतीय संघाचे सभासद होते. गोंधळ उडतोच. आपल्या किल्ल्यात जा, जेझुइटांचं चर्च वेगळं, फ्रान्सिस्कनांचं वेगळं, डॉमिनिकन वेगळे, ऑगस्टिनियन वेगळे. पोर्तुगीजांच्या काळात एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर चार-चार संघ. १७३९ ला चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि सगळे पांगले. फ्रान्सिस्कनांच्या पडक्या चर्चमध्ये जमिनीवर बघ, थडग्यांचे दगड आहेत. तुम्ही पोरं त्यांच्यावर उभं राहून प्री-वेडिंगचे फोटो काढता.

रोहन: मी नाही, माझ्या भावाने काढले.

स्टेफी: बातमी माझ्याकडेही आहे. यावर्षीपासून इटलीत ४ ऑक्टोबरला संत फ्रान्सिसांच्या सणाची राष्ट्रीय सुट्टी असणार.

रोहन: कॅलेंडर बघितलं. यंदा ४ ऑक्टोबर रविवारी आहे. बिचारे इटालियन.

नीता वहिनी: मला एक सांगा पीटर काका, मग मावशींनी सिस्टरच का नाही व्हायचं? अर्धवट कशाला?

पीटर काका: अर्धवट हा शब्दच मला खटकतो, वहिनी. राग तुमच्यावर नाही, आमच्यावरच आहे. आमच्याकडेही प्रापंचिक म्हणजे खुर्च्या मांडणारा, सणाला तोरणं बांधणारा, असंच धरून चालतात.

गेल्या आठवड्यात गोन्सालो गार्सियांचा सण झाला. तुम्हाला नावावर कॉलेज आहे एवढं माहीत असेल. वसईत जन्मलेला माणूस, जेझुइटांच्या शाळेत शिकला, कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथली भाषा अशी उचलली की लोक ऐकत राहायचे. त्याला जेझुइट व्हायचं होतं, घेतलं नाही. मग व्यापारी झाला. शेवटी मनिलाला फ्रान्सिस्कनांनी ब्रदर म्हणून घेतलं. ब्रदरच, फादर कधी झालाच नाही. १५९३ मध्ये दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर त्याला क्रुसावर चढवून मारलं. एकूण सव्वीस जण होते. सहा फ्रान्सिस्कन, तीन जेझुइट. राहिले किती?

रोहन: १७

पीटर काका: सतरा. ते सगळे प्रापंचिक, याच तृतीय संघाशी जोडलेले. त्यात तलवारी बनवणारा होता, बाण करणारा होता, त्याचा चौदा वर्षांचा मुलगा होता, सगळ्यात धाकटा बारा वर्षांचा. डाव्या कानाचा तुकडा कापून भर थंडीत महिनाभर चालवत नेलं. एकाची गोष्ट अशी सांगतात. शिपाई यादी घेऊन मठात आले आणि माथियस म्हणून पुकारलं. तो माणूस नेमका बाहेर गेला होता. शेजारी राहणारा दुसराच एक माथियस पुढे आला, म्हणाला, माझंही नाव तेच आहे, चालेल का? शिपायांना आकडा भरायचा होता. चाललं.

रोहन: कॉलेजात आम्ही दुसऱ्याच्या नावाला हजर म्हणायचो. हे म्हणजे उलटंच झालं राव.

सुलभाताई: अंगावर काटा आला.

पीटर काका: १८६२ मध्ये या सगळ्यांना संत म्हणून जाहीर केलं. भारतात जन्मलेला पहिला संत आपल्या गावचा, आणि तो पाद्री नव्हता. आता अर्धवट कुणाला म्हणायचं ते बघा.

नीता वहिनी: चुकलं काका.

मर्सी मावशी, ए-३०४: सगळ्यांना नमस्कार. बाळ झोपलं, आता वाचलं. उशिरा लिहिते आहे, मोठं झालं तर माफ करा. चौतीस वर्षं टपाल खात्यात काढली, थोडक्यात लिहायची सवय होती, ती गेली.

पीटरभाऊंनी एवढं मोठं करून सांगितलं की मलाच भीती वाटली. माझं काही मोठं नाही. हे गेल्यावर घर खायला उठायचं. एका मैत्रिणीने सभेला नेलं. आमच्या तुकडीत मी धरून चार बायका आणि एक रिक्षा चालवणारा भाऊ. तो दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात सायंप्रार्थना म्हणतो. मिटरजवळ छोटं पुस्तक असतं त्याचं.

दुसऱ्या वर्षी आम्हाला जुनी नियमावली काय होती ते शिकवलं. त्या काळी आत यायच्या आधी अट असायची. शेजाऱ्यापाजाऱ्याशी समेट कर, कुणाचं काही अन्यायाने घेतलं असेल तर परत कर. शस्त्र बाळगायचं नाही, असंही होतं. शस्त्राचं मला सोपं होतं. समेटाचं ऐकलं आणि पुढच्या दोन सभांना गेलेच नाही. गुडघा दुखतो म्हणून कळवलं.

कारण आमच्या केळीच्या वाडीच्या बांधावरून धाकट्या जावेशी अकरा वर्षं बोलणं नव्हतं. लग्नकार्यात एका ताटावर बसवलं तरी तोंडं दोन दिशांना. मागच्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या दिवसांत, एकदा मिस्सा संपल्यावर पाय तिकडेच वळले. ती विहिरीवर होती. मी काय बोलायचं ते घोकून गेले होते, एक शब्द आठवला नाही. तीच म्हणाली, चहा ठेवू का. बांध अजून आहे तिथेच आहे, दीड हात तिच्या बाजूने सरकलेला. मी मोजायचं सोडलं. परवा तिचा फोन आला, रविवारी फुगे ती तळून आणणार आहे. शंभर.

आता महाशिवरात्रीचं. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, क्षमा करा. ज्यांचा उपास आहे त्यांच्यासाठी वेगळ्या भांड्यात करते. सुलभाताई, तुमची भगर आणि दाण्याची आमटी मला शिकवाल का? आमच्या हातून भगरीचा गोळा होतो. बुधवारी आमचाही राखेचा बुधवार आहे, आमचा उपास तेव्हा.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

सुलभाताई: शनिवारी संध्याकाळी येते. भगर आधी भाजून घ्यायची असते, तिथेच तुमचं चुकत असणार. आमटीत आमसूल मी आणते.

ग्लॅडिस: मावशी, मी पण येते रविवारी. काल जरा जास्तच बोलले.

मर्सी मावशी: ये गं. तू बोललीस ते खोटं नव्हतं. चेहरे तेच आहेत.

देशमुख काका: टाकीवाल्याशी बोललो. टाकी शनिवारी १४ ला दुपारी २ ते ५ साफ होईल, दोनशे रुपये जास्त मागतोय. रविवारसाठी एक टँकर सांगून ठेवला आहे, त्याचा खर्च सोसायटीकडून नाही, आधीच स्पष्ट करतो.

पीटर काका: टँकर माझ्याकडून. देशमुख, यावर चर्चा नको.

मर्सी मावशी: देशमुखभाऊ, एक राहिलंच. त्या जुन्या नियमावलीत आणखी एक कलम होतं. वचन दिल्यापासून तीन महिन्यांत मृत्युपत्र करायचं. आता तशी सक्ती नाही, पण मला पटलं. वकिलाकडून करून घेतलं. सोसायटीचा नॉमिनेशनचा फॉर्मही भरून काल तुमच्या दारात सरकवला आहे.

देशमुख काका: मिळाला, ताई. सहीसकट, दोन साक्षीदारांसकट. सहा वर्षांत असा पूर्ण भरलेला फॉर्म पहिल्यांदा बघितला. छप्पन्न फ्लॅट आहेत, फॉर्म आलेत एकोणीस. बाकीच्यांनीही त्या इटलीवाल्यांचं जरा ऐकावं.

रोहन: काका, १२२१ पासून मागताय तुम्ही.

नीता वहिनी: काका, फॉर्मची पीडीएफ टाका ना ग्रुपवर.

देशमुख काका: चार वेळा टाकली आहे. वर सरकवून बघा.