शिंप्याचे घड्याळ घ्यावे का?

तबकडी (पुणे)

माझी धाकटी बहीण स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला नोकरी करते. येत्या मार्चमध्ये तिला पन्नास वर्षे पूर्ण होतील आणि त्यानिमित्त स्वतःच्या कमाईतून एक चांगले घड्याळ घ्यायचे तिने ठरवले आहे. तिच्या मनात भरले आहे ते शानेल या फॅशनगृहाचे जे-१२, पांढऱ्या सिरॅमिकचे, ३३ मिलिमीटरचे. रुपयांत हिशेब केला तर किंमत पाच लाखांच्या पुढे जाते. मी फोनवर तिला स्पष्टच सांगितले की एवढ्या पैशांत ओमेगा येते, कार्तिए येते, मग अत्तरे आणि हँडबॅगा विकणाऱ्याकडून घड्याळ कशासाठी? त्यावर ती म्हणाली, "दादा, मला ते हातात घालायचे आहे, उघडून बघायचे नाही."

माझा आक्षेप दिसण्याला नाही. ज्या घराण्याचा धंदाच दर हंगामात नवे काही आणून जुने मागे टाकण्यावर चालतो, त्याने केलेली वस्तू तीस-चाळीस वर्षे सांभाळली जाईल याचा भरवसा कोणी द्यावा? घड्याळजीच्या घरात घड्याळ हे घराचा खांब असते, फॅशनगृहात ते दिवाणखान्यातले शोभेचे झाड. उद्या मालकाचे मन बदलले की झाड उचलले जाईल. मी चुकत असेन तर जाणकारांनी जरूर दुरुस्त करावे.

खडूस_कोथरूडकर

तुम्ही अजिबात चुकत नाही. फॅशनचे नाव असलेली बहुतेक घड्याळे ते नाव असलेली कंपनी करतच नाही, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. एम्पोरिओ अरमानी, डिझेल आणि मायकेल कॉर्स ही नावे अमेरिकेतील फॉसिल कंपनीने वर्षानुवर्षे परवान्यावर चालवली. ह्यूगो बॉस आणि टॉमी हिलफिगर मोव्हाडोच्या समूहाकडे, तर व्हर्साचे टाइमेक्सच्या समूहाकडे गेले. नाव एकाचे, कारखाना दुसऱ्याचा, आणि पैसे मात्र नावाचे.

मी स्वतः यात पोळलो आहे. विमानतळावरच्या दुकानातून अठरा हजारांचे असे एक घड्याळ घेतले होते. पाचव्या वर्षी पट्ट्याची एक कडी तुटली. कडीचा आकार जगावेगळा असल्याने बाजारातला दुसरा पट्टा बसेना, आणि कंपनीने मॉडेल बंद झाल्याचे कळवून हात वर केले. शेवटी शनिवार पेठेतल्या घड्याळजीने मागचे झाकण उघडून दाखवले. आत रुपयाएवढे साधे जपानी मशीन होते आणि केसची, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाची, उरलेली जागा भरण्यासाठी त्याच्याभोवती प्लॅस्टिकची पांढरी रिंग बसवलेली होती. तसलेच मशीन त्याच्या खणात डझनाने पडलेले होते. "साहेब, मशीन आजही नवे टाकून देतो, पण कडी कुठून आणू?" असे तो म्हणाला. ते घड्याळ आजही माझ्या कपाटात आहे आणि उत्तम वेळ दाखवते, फक्त हातात घालता येत नाही.

अधिक_उणे

खडूस_कोथरूडकर यांचा अनुभव खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. परवान्यावर नाव भाड्याने देणारे आणि स्वतः कारखाने उभारणारे यांना एका माळेत ओवणे म्हणजे हातगाडीवरचा आणि देवगडच्या बागेतला आंबा एकाच भावाने मोजण्यासारखे आहे. मूळ प्रश्न शानेलचा आहे, तेव्हा आधी शानेलचेच बघू.

शानेलने पहिले घड्याळ १९८७ मध्ये काढले. त्याची अष्टकोनी केस पाच नंबरच्या अत्तराच्या बाटलीच्या बुचावरून घेतली होती, म्हणजे तेव्हा तुमचा 'अत्तरवाल्याचे घड्याळ' हा शेरा शब्दशः खरा होता. परंतु १९९३ मध्ये त्यांनी ला शो-द-फाँ या घड्याळांच्या गावातला शातलँ हा कारखानाच विकत घेतला. २००० साली जे-१२ आले. घड्याळात सिरॅमिक वापरणारे ते पहिले नव्हे, राडो आणि आयडब्ल्यूसी यांनी १९८६ मध्येच ते करून दाखवले होते. पण सिरॅमिक ही दागिन्याच्या तोलाची वस्तू आहे हे ग्राहकाच्या गळी उतरवले ते जे-१२ने. २०१९ मध्ये त्याच्या ३८ मिलिमीटरच्या आवृत्तीत नवे ऑटोमॅटिक, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरली जाणारे, मशीन बसवण्यात आले. ते केनिसी या कारखान्याचे आहे. हा कारखाना रोलेक्सच्या भावंडाने, म्हणजे ट्यूडरने उभा केला आणि त्यात शानेलचा २० टक्के वाटा आहे. एकदा चावी भरली की ते सुमारे ७० तास चालते आणि त्याच्या अचूकतेला स्वित्झर्लंडच्या अधिकृत चाचणीचे प्रमाणपत्र असते. शोभेच्या झाडासाठी कोणी एवढी मोठी विहीर खणत नाही.

दुसरे उदाहरण एर्मेसचे. धाग्याच्या शीर्षकात 'शिंपी' म्हटले आहे, पण एर्मेस शिंपी नव्हेच; १८३७ पासून घोड्यांचे साज करणारे ते पॅरिसचे घराणे. त्यांनी बिएन येथे घड्याळांची स्वतंत्र कंपनी काढली ती १९७८ मध्ये. २००६ मध्ये फ्लरिए येथील व्होशे या मशीन करणाऱ्या कारखान्यात २५ टक्के भागीदारी घेतली, नंतर तबकड्या आणि केस करणारे कारखानेही आपल्याकडे घेतले. ज्याचे मन हंगामागणिक बदलते, त्याची ही चाल नव्हे.

आणि 'मशीन दुसऱ्याचे' हा ठपका ठेवायचाच असेल तर सर्वांवर ठेवावा लागेल. रोलेक्सच्या डेटोनामध्ये १९८८ ते २००० या काळात झेनिथचे मशीन होते. ऑडेमार पिगेच्या १९७२ च्या रॉयल ओकचे मशीन जेजेर-लकुल्त्रच्या आराखड्यावरचे. ज्या कार्तिएचे नाव तुम्ही बहिणीला सुचवलेत, तो तर मुळात जवाहिऱ्या आहे.

तबकडी (पुणे)

कार्तिएच्या बाबतीत मी निरुत्तर आहे. मात्र रोलेक्सने झेनिथचे मशीन घेतले तेव्हा त्यात पुष्कळ फेरफार केले आणि त्याच्या दुरुस्तीची जबाबदारी आजही घेतली जाते. माझा मुद्दा मशीनच्या जन्मगावाचा नसून त्याच्या म्हातारपणाचा आहे.

बाल्कनीतला_बाप्पा

मशीनवरच सगळे का अडले आहेत, हे मला कळत नाही. एर्मेसने २०११ मध्ये एक घड्याळ काढले, त्याचे नाव 'थांबलेला काळ' अशा अर्थाचे होते. बाजूचे बटण दाबले की तास आणि मिनिटांचे काटे बाराच्या आसपास अशा ठिकाणी जाऊन उभे राहतात की तशी वेळ खऱ्या घड्याळात कधी येऊच शकत नाही, आणि तारखेचा काटा दृष्टीआड होतो. पुन्हा बटण दाबले की काटे बिनचूक चालू वेळेवर परततात, कारण मधल्या काळात आतले यंत्र वेळ मोजतच असते. घड्याळजींच्या घराण्यांनी शे-दीडशे वर्षे वेळ अधिकाधिक काटेकोर दाखवण्यात घालवली. वेळ लपवण्याची बुद्धी खोगीर शिवणाऱ्याला झाली. त्या वर्षी जिनिव्हाच्या मोठ्या स्पर्धेत पुरुषांच्या घड्याळाचा पुरस्कार त्यालाच मिळाला. बाहेरच्या माणसाने केलेल्या घड्याळाचा फायदा असतो तो हा.

खडूस_कोथरूडकर

आणि ती करामत प्रत्यक्षात उतरवली कोणी? जिनिव्हाच्या आजेनॉर या कार्यशाळेच्या ज्याँ-मार्क विडरेश्ट यांनी. कल्पना खोगीरवाल्याची आणि हात घड्याळजीचे, मग कौतुक तबकडीवरच्या नावाचे का?

बाल्कनीतला_बाप्पा

वाडा बांधला की नाव पाथरवटाचे लागते का? विडरेश्ट यांचे नाव त्या कंपनीने लपवलेले नाही, म्हणून तर ते तुम्हाला आणि मला ठाऊक आहे.

केस_आणि_काटे

मी घड्याळदुरुस्तीच्या घरातला आहे. वडिलांचे दुकान साताऱ्याला होते, आता मी चालवतो. त्यामुळे म्हातारपणाच्या मुद्द्यावर थोडे लिहितो.

दुकानात आजही एचएमटी जनता येतात. सरकारने ती कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये घेतला, तरी चावीचे ते मशीन मी डोळे मिटून उघडतो, कारण सुटे भाग लोकांनी पोत्याने साठवले आहेत आणि नाही मिळाला तर दुसऱ्या मेलेल्या जनतामधून काढता येतो. म्हणजे कंपनी जिवंत असणे आणि घड्याळ जिवंत राहणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. याउलट केनिसीचे किंवा रोलेक्सचे आजचे मशीन असो, सुटा भाग माझ्यासारख्याच्या हाती लागत नाही, घड्याळ कंपनीकडेच पाठवावे लागते. तेव्हा तबकडी यांची भीती रास्त आहे, पण ती शानेलपुरती नाही; ओमेगा घेतले तरी सुटे भाग माझ्या खणात येणार नाहीत.

सिरॅमिकबद्दल मात्र सांगतो. त्याच्यावर किल्ल्यांचा, टेबलाच्या कडेचा ओरखडा सहसा उठत नाही, दहा वर्षांनीही ते दुकानातल्यासारखे दिसते. पण पोलाद पडले तर त्याला पोचा येतो, आणि सिरॅमिक बेसिनजवळच्या फरशीवर पडले तर त्याचा टवका उडतो किंवा कडी सरळ दुभंगते. पोलादाला पॉलिश मारता येते, येथे अख्खा भागच बदलावा लागतो आणि तो फक्त कंपनी देते. त्यामुळे बहिणीला विचारायचा प्रश्न 'मशीन कोणाचे' हा नाही. 'पट्ट्याच्या कड्या किती वर्षे मिळतील, आणि ते लिहून देता का' हा आहे.

आणखी एक. ३३ मिलिमीटरमध्ये सेलवर चालणारेही येते आणि २०२२ पासून ऑटोमॅटिकही. रोज घालायचे नसेल तर सेलचे घ्यावे, यात कमीपणा काही नाही. साधे सेलचे घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंद चुकते, तर प्रमाणपत्र असलेल्या यांत्रिक घड्याळाला दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंदांची मुभा असते. लोक जास्त पैसे देऊन कमी अचूक घड्याळ घेतात, यावर आमच्या दुकानाचे पोट चालते, त्यामुळे तक्रार नाही.

अधिक_उणे

केस_आणि_काटे यांच्याशी सहमत. फक्त तबकडी यांच्या 'मन बदलले तर' या शंकेला माझ्याच बाजूच्या विरोधात जाणारे एक उदाहरण देणे प्रामाणिकपणाचे होईल. लुई व्हिताँ या फॅशनगृहाचे टांबूर हे घड्याळ २००२ मध्ये आले. २०११ मध्ये त्यांनी ला फाब्रिक द्यु ताँ ही निष्णात कार्यशाळा घेतली, आणि २०२३ मध्ये टांबूरचा नवा अवतार आणताना जुन्या, तुलनेने स्वस्त घड्याळांपैकी बहुतेक बंद करून टाकली. काम उंचावले हे निःसंशय, पण ज्याने त्याआधी सेलवरचे टांबूर घेतले होते, तो एका रात्रीत बंद पडलेल्या ओळीचा ग्राहक झाला. अशा घड्याळांना जुन्या बाजारात रोलेक्ससारखा भावही येत नाही. गुंतवणूक म्हणून कोणी घेत असेल तर त्याने येथेच थांबावे.

तबकडी (पुणे)

तीन दिवसांनी लिहीत आहे, कारण मधल्या काळात बहीण झुरिकच्या दुकानात जाऊन आली. कड्यांचा प्रश्न मी तिला लिहून पाठवला होता. विक्रेत्या बाईंनी सुटे भाग मिळत राहतील असे तोंडी सांगितले, लेखी काही दिले नाही. आपली शंका आपल्याच तोंडाने खरी ठरली म्हणून मला थोडा आनंदही झाला, हे कबूल करतो.

पुढचे मात्र अपेक्षित नव्हते. तिने सेलचे आणि ऑटोमॅटिक अशी दोन्ही घड्याळे मागून घेतली, दोन्ही उलटी करून ट्रेवर ठेवली आणि फोनवर मला मागची काच दाखवली. तिच्यातून मशीन दिसत होते. अर्धगोल वजनाऐवजी मध्ये भोक असलेला गोल रोटर फिरत होता आणि ती तो मनगट हलवून पुन्हा पुन्हा फिरवत होती. "दादा, हे उघडून न बघताही दिसते की," असे म्हणून तिने ऑटोमॅटिकचे नाव नोंदवले. शनिवारी ती पैसे भरणार आहे. केस_आणि_काटे, तुमच्या दुकानाचा पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवाल का? माझ्या वडिलांची जनता गेली सहा वर्षे बंद पडून आहे.