मदत हवी आहे: मराठी कथेतल्या अहिराणी संवादांपुरती शब्दतपासणी कशी बंद करावी?

नमस्कार मंडळी,

मी अमळनेरची. कथा लिहिते. निवेदन प्रमाण मराठीत आणि माणसं बोलतात अहिराणीत. लिहिण्यासाठी लिब्रेऑफिस रायटर वापरते, त्यात मराठी शब्दकोश बसवलाय. तो मराठीचाच असल्यामुळे 'आंडोर', 'शे', 'उना' अशा शब्दांखाली लाल रेघा येतात. मागच्या कथेत टाइप करणाऱ्याने सुचवलेले पर्याय सरसकट स्वीकारले आणि 'उना'चं 'उणा' झालं. आमच्याकडे 'उना' म्हणजे आला! फार वाईट वाटलं.

तपासणी पूर्ण बंद करायची नाही, कारण निवेदनातले ऱ्हस्व-दीर्घ मला तपासून हवेत. म्हणून 'अहिराणी' नावाची कॅरेक्टर स्टाइल (फक्त निवडलेल्या शब्दांना लागणारी मांडणी) केली आणि भाषेच्या जागी 'काही नाही' निवडलं. तरी रेघा तशाच. मग लक्षात आलं की देवनागरीची भाषा वरच्या वेस्टर्न रकान्यात नसते, खाली सीटीएलमध्ये (कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांच्या रकान्यात) असते. तिथे बदलल्यावर रेघा गेल्या.

आता अडलंय ते असं. दीडशे पानांत संवाद विखुरलेत. अवतरणचिन्हांमधला सगळा मजकूर एकदम निवडून त्याला ही स्टाइल देता येईल का? शोधा-बदलामध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन (ठरावीक नमुन्यातला मजकूर शोधायचं सूत्र) चालतं म्हणतात, पण नेमकं काय टाइप करायचं? काही संवाद दोन-दोन परिच्छेदांचे आहेत, तेही सांगून ठेवते.

दुसरं, निवेदनात येणारे अहिराणी शब्द मी स्वतःच्या शब्दकोशात घालतेय. ती फाइल धुळ्याच्या मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर कशी न्यायची?

कुणी केलं असेल तर पायरी-पायरीने सांगा.