रॅम्प झाला, सोबती दिला. पण अंध मतदाराचं मत गुप्त राहिलं का?

पांढरी_काठी (धागाकर्ता):
मतदान केंद्रावर रॅम्प, व्हीलचेअर हवीच, त्यावर वाद नाही. मला बोलायचंय ते आत, पुठ्ठ्याच्या आडोशामागे काय होतं त्याबद्दल.

मी दृष्टिहीन आहे. ईव्हीएमवर बटणांशेजारी ब्रेलमध्ये क्रमांक असतात. उमेदवारांची ब्रेल यादी केंद्राध्यक्षांकडे मागता येते. यादी वाचायची, क्रमांक लक्षात ठेवायचा, आत जाऊन बोटांनी चाचपत बटण दाबायचं. पद्धत चांगली आहे. पण यादी मागितली की उलट प्रश्न येतो, "सोबत कोणी आलंय का?" मतदारासोबत आत जाऊन त्याच्या वतीने बटण दाबणाऱ्या सोबत्याची तरतूद निवडणूक नियम १९६१ मधल्या ४९ एन या नियमात आहे. तो किमान १८ वर्षांचा हवा, एका दिवसात एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो आणि मत फोडणार नाही असं लिहून देतो. ही मला मिळालेली सवलत आहे. ती माझ्यावर लादता कामा नये. घरातल्या माणसाला न आवडणारं मत द्यायचं असेल, तर त्याच्याच हातून कसं द्यायचं?

दुसरं म्हणजे, बीप वाजला की मत नोंदलं गेलं एवढंच कळतं. कोणाला गेलं हे डोळस मतदाराला व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, काचेमागे सात सेकंद दिसतं. मला ती खात्री कोण देणार? चिठ्ठी हेडफोनवर ऐकवा. अमेरिकेत २००२ च्या कायद्याने अंध मतदाराला इतरांइतक्याच गुप्ततेने मत देता येईल असं किमान एक यंत्र प्रत्येक केंद्रावर सक्तीचं केलं. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ११ सांगतं की केंद्रं सुगम हवीत आणि निवडणुकीचं साहित्यही दिव्यांगांना समजेल, वापरता येईल असं हवं. साहित्यही!

केंद्राध्यक्ष_मास्तर:
भावना समजतात, पण हेडफोनला माझा ठाम विरोध आहे. ईव्हीएमला बाहेरची कुठलीही जोडणी नाही, या एका गोष्टीवर आम्ही लोकांच्या शंकांना उत्तर देतो. एक सॉकेट ठेवलं की तो आधार गेला. आणि आमचीही बाजू बघा. आदल्या दिवशी साहित्य घेऊन शाळेत मुक्काम, पहाटे साडेपाचला उमेदवारांच्या एजंटांसमोर मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, सातला दार उघडायच्या आत बाहेर रांग. सोबती नियमात बसतो, १४-अ या नमुन्यात त्याची नोंद होते, काम अडत नाही. शिवाय ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर १२-डी हा अर्ज भरून घरून मतदान करता येतं.

पांढरी_काठी:
मास्तर, घरून मतदान म्हणजे कागदी टपाली मतपत्रिका. बोटांनी वाचता येईल असं काही त्यावर नसतं, म्हणजे खूण पुन्हा दुसऱ्याच कोणीतरी करायची. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ती सोय मोलाची आहे, पण मी चालत केंद्रावर येऊ शकतो. मला घरी का बसवता?

जोडणीचा मुद्दा मान्य. मग काचेसमोर धरून छापील चिठ्ठी वाचून दाखवणारं वेगळं उपकरण आयोगाने स्वतः तयार करावं. मशीनला तारही लागायला नको.

मधुमेही_आजी:
माझी नजर साठीनंतर गेली. ब्रेल येत नाही, आता शिकणं होणार नाही. अंध म्हटलं की ब्रेल, असं सगळे धरून चालतात. आमच्यासारख्यांना मोठं अक्षर आणि चांगला उजेड लागतो. २०२५ मध्ये आयोगाने ईव्हीएमवरच्या मतपत्रिकेत उमेदवारांचे रंगीत फोटो आणि ठळक मोठे क्रमांक आणले, सुरुवात बिहारपासून. त्याचा फायदा चष्मा विसरून आलेल्या प्रत्येकाला होतो. पण मतदान कक्ष कोपऱ्यात, अंधारात मांडला तर मोठ्या अक्षराचं काय करणार?

आधी_यादी_सुधारा:
मला हा प्राधान्यक्रमच पटत नाही. जिवंत माणसांची नावं यादीतून गायब, ती आधी दुरुस्त करा. आणि अंधांसाठी एवढा खटाटोप करण्यापेक्षा मोबाइलवर मतदान द्या, प्रश्न मिटला.

सेवाकेंद्र_चालक:
मोबाइलने प्रश्न मिटतो म्हणणाऱ्यांनी आमच्या टेबलापाशी एक दिवस बसावं. डोळस, धडधाकट माणसंही आम्हाला पासवर्ड तोंडी सांगतात, ओटीपी वाचायला फोन हातात देतात. फॉर्म असे की कॅप्चा दिसत नाही, वेळ संपली की भरलेलं सगळं पुसलं जातं, चूक नेमकी कुठल्या रकान्यात ते कळत नाही. कष्टकऱ्यांचे अंगठे झिजलेले, मशीन घेत नाही. ई-केवायसीत, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीत, डोळे मिचकवायला सांगतात. ॲसिडहल्ल्यात डोळे गेलेल्या बाईने काय मिचकवायचं? त्यासाठी सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला.

मी पैसे घेऊन मदत करतो, माझं पोट त्यावर आहे. तरी सांगतो, मदत करणाऱ्याला माणसाचं सगळं कळतं. उत्पन्न, आजार, नवऱ्याने टाकलंय का, सगळं. मतदानही फोनवर आणलंत तर तेही माझ्याच टेबलावर होईल.

आधी_यादी_सुधारा:
हे मात्र विचार करण्यासारखं आहे. मोबाइलचा आग्रह सोडतो. यादीचा सोडत नाही.

पांढरी_काठी:
सोडूही नका. नाव नसेल तर माझी ब्रेल यादी काय कामाची? पण एक होईपर्यंत दुसरं थांबवायचं कशाला? दोन्ही कामं करणारी माणसंही वेगळी आहेत.

केंद्राध्यक्ष_मास्तर:
वेगळ्या उपकरणाबद्दलही माझं मत राखून ठेवतो. सात सेकंदांत चिठ्ठी वाचता आली नाही तर मतदार म्हणणार माझं मत चुकलं, आणि तो वाद केंद्रावर मला मिटवता येणार नाही. ब्रेल यादीचं मात्र बरोबर आहे. प्रशिक्षणात मशीन जोडणं आणि सील करणं यातच वेळ जातो. ती यादी कोणत्या पाकिटात आहे आणि ती आपणहून पुढे करायची, हे सांगितलं जात नाही. अंध मतदार आला की आधी यादी द्यायची, सोबत्याचं त्याने स्वतः विचारलं तरच काढायचं, एवढं एक वाक्य प्रशिक्षणात घालायला काहीच खर्च नाही. पुढच्या प्रशिक्षणात मी हा प्रश्न उभा राहून विचारेन.

पांढरी_काठी:
जरूर विचारा. मीही आमच्या मतदारसंघाच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना लेखी देतो. मसुदा उद्या इथेच टाकतो, मास्तर, पाकिटाचा मुद्दा त्यात नीट बसवून द्याल का?