मदत हवी आहे: सीईटीत ९९.२ पर्सेंटाइल आहेत, गणिताचा वेग कसा वाढवावा?

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या भावाला एमएचटी-सीईटीला (महाराष्ट्रातली इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा; त्याचा गट पीसीएम, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-गणित) पहिल्या वेळी ९९.२ पर्सेंटाइल मिळाले. आम्हाला खूप आनंद झाला, पण त्याला पुण्याच्या सीओईपी किंवा मुंबईच्या व्हीजेटीआय या इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरच हवंय आणि खुल्या प्रवर्गातून तिथली कट-ऑफ ९९.९ च्या आसपास जाते. म्हणून तो पुन्हा बसणार आहे.

खरी अडचण गणिताची. फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न तो ९० मिनिटांत व्यवस्थित सोडवतो. गणिताला मात्र ५० प्रश्नांना तेवढीच ९० मिनिटं, प्रत्येकी २ गुण. इंटिग्रेशनमध्ये अडकतो आणि शेवटचे काही प्रश्न वाचायचेही राहतात. निगेटिव्ह मार्किंग नसल्यामुळे सगळे पर्याय भरून येतो, पण इतक्या वरच्या पातळीला अंदाज किती साथ देणार? जेईईची तयारी केल्यामुळे सोपं गणितही तो लांबच्या रीतीने सोडवतो, असं मला वाटतं.

ज्यांनी स्वतः ९९ वरून ९९.८ च्या पुढे मजल मारली त्यांनी कृपया सांगा: नुसत्या मॉक टेस्ट दिल्या, की बोर्डाच्या पुस्तकातली उदाहरणं घड्याळ लावून पुन्हा सोडवली? पर्याय घालून उत्तर तपासायची सवय कशी लावली? पेपरात अकरावीवर येणाऱ्या २० टक्के भागाला किती वेळ दिला? क्लास आता लावायचा नाही, तो घरीच अभ्यास करतोय. सीईटीच्या जुन्या शिफ्टचे (सत्रांचे) पेपर मराठी माध्यमाच्या मुलांना नीट समजतील असे कुठे मिळतील, तेही कळवा.