मदत हवी आहे: इलेक्ट्रिक व्हीलचेअर घेऊन सिंगापूरला जायचंय

मंडळी, मी वेंगुर्ल्याची. डिसेंबरात आईला घेऊन सिंगापूरला जायचं म्हणतेय. व्हीलचेअरवर मी असते, आई नव्हे. सगळे उलटंच धरून चालतात! तिथल्या मेट्रो-बसची चिंता नाही, लिफ्ट आणि रॅम्प आहेत. घोडं अडलंय बॅटरीवर. खुर्ची फोल्डिंगची, लिथियम बॅटरी २४ व्होल्ट, १२ अँपिअर-अवर, म्हणजे २८८ वॉट-अवर. काढता येणारी असेल तर ३०० पर्यंत चालते आणि ती केबिनमध्ये न्यायची, एवढं ठाऊक आहे. पण एअरलाइनकडून आधी लेखी परवानगी कशी मिळवलीत? गोव्याच्या मोपा विमानतळाहून किंवा मुंबईहून कुणी अशी खुर्ची नेलीय का? आणि कोकण रेल्वेने मुंबई गाठायची तर कुडाळला डब्यात चढायचं कसं? चौघांनी उचलून चढवलेलं मला नकोय.