खांबाला डबा टांगला की शहर ऑनलाइन होत नाही

रोहित्र
वेगळा धागा काढणार नव्हतो, पण 'चावडी' यांच्या कालच्या प्रतिसादाने डोके फिरवले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: "खांब महापालिकेचे, वीज महापालिकेची. खांबागणिक वाय-फायचा एक डबा टांगा, जाहिरातींतून खर्च काढा, वर्षभरात सगळे शहर फुकट ऑनलाइन. इच्छाशक्ती हवी, बस्स."

डबा इच्छाशक्तीवर चालत नाही, विजेवर चालतो. पथदिव्यांचा फीडर (त्यांना वीज देणारी लाइन) टायमरवर असतो. उजाडले की फीडर बंद आणि त्याच्यासोबत तुमचा डबाही बंद, म्हणजे वाय-फाय मिळणार रात्रीच्या कुत्र्यांना. दिवसा चालवायचे तर खांबापर्यंत न तुटणारी वेगळी तार ओढा, नाहीतर बॅटरी बसवा. हिशोब करा: बाहेर बसवायचा अ‍ॅक्सेस पॉइंट (म्हणजे तुमचा वाय-फायचा डबा) २० वॅट, फायबरचा ओएनटी (फायबरमधला सिग्नल साध्या केबलमध्ये उतरवणारी पेटी) आणि तोटा धरून आणखी १०. बारा तासांचे ३६० वॉट-तास. १२.८ व्होल्टची लिथियम फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंतच वापरायची म्हटली तर ३५ एएच (अँपिअर-तास) लागतात, म्हणजे ४०ची घ्या. ती पत्र्याच्या पेटीत, एप्रिल-मेच्या उन्हात, १२ फुटांवर. पेटीच्या आतले तापमान साठीला टेकते आणि बॅटरीचे आयुष्य निम्म्यावर येते. चोरीला गेली नाही तर.

शिवाय न्यूट्रल (विजेची परतीची तार) सुटणे. ज्या फेजवर भार कमी तिथे व्होल्टेज ३५०च्या वर चढते. दिवा मरतो, त्याच्याबरोबर अडॅप्टरही मरतो. ओव्हर-व्होल्टेज कट-ऑफ आणि टाइप-२ सर्ज संरक्षक हवेतच. अर्थिंग पाच ओहमच्या आत हवे. आपल्याकडे अर्थिंगची तार खांबाच्या रंगावरच आवळतात.

चावडी
वा, मास्तर! मग चौकाचौकातले सीसीटीव्ही चोवीस तास चालतात ते कशावर? गोमूत्रावर?

रोहित्र
त्यांना स्वतंत्र मीटर असतो, खाली जंक्शन बॉक्समध्ये यूपीएस असतो आणि देखभालीचा वेगळा करार असतो. पथदिव्याच्या खांबाशी त्याचा संबंध नाही.

चावडी
मग सीसीटीव्हीच्याच खांबांवर टांगा की! वीज आहे, फायबर आहे, यूपीएस आहे. इतके सोपे उत्तर समोर असताना बॅटरीच्या वॉट-तासांचे कीर्तन कशाला?

स्प्लायसर
चावडींचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. (रोहित्र, पाणी प्या.) चौकात येणाऱ्या केबलमध्ये बहुतेक वेळा १२ किंवा २४ कोअर (काचेचे धागे) असतात आणि कॅमेऱ्यांना दोन-चारच लागतात. उरलेले कोअर अंधारात पडून असतात. पण 'त्याच स्विचवर वेगळा व्हीलॅन (त्याच यंत्रावर आभासी वेगळे नेटवर्क) करू' हे पोलीस मान्य करणार नाहीत, आणि त्यांचे बरोबर आहे. वेगळा कोअर, वेगळा ओएनटी, वेगळी पेटी, पेटीची किल्लीसुद्धा वेगळी.

डीबीचे (वाटेत सिग्नल किती घटतो त्याचे) गणित विसरू नका. जीपॉनच्या (एक फायबर अनेकांत वाटायच्या पद्धतीच्या) बी-प्लस वर्गात एकूण २८ डीबी घट चालते. १:३२चा स्प्लिटर (एक धागा ३२ ठिकाणी वाटणारा) एकटाच १७ खातो. किलोमीटरला ०.३५. फ्यूजन जोड (धागे वितळवून केलेला) नीट केला तर ०.१च्या आत, पण तुटलेली केबल घाईत फास्ट कनेक्टरने जोडली तर प्रत्येक ठिकाणी ०.३ ते ०.५. पावसाळ्यात जॉइंट क्लोजरमध्ये (जोडाच्या पेटीत) पाणी शिरते, तारा वाकतात, आणि सिग्नल उणे २७ डीबीएमच्या खाली गेला की ओएनटी लाल दिवा दाखवत बसतो. लोक म्हणतात वाय-फाय बंद आहे. वाय-फाय चालूच असते, मागची वाट तुटलेली असते.

डांबरट
तुटते कशाने? खोदाईने! आज गॅसवाला, उद्या पाणीवाला, परवा केबलवाला. चर बुजवताना खाली मुरूम नाही, वर खडी पसरून रोलरची एक फेरी. पहिल्या पावसात खड्डा. आता वाय-फायच्या नावाने पुन्हा खोदणार. आधी रस्ते द्या, मग इंटरनेट द्या!

स्प्लायसर
आलात का? धागा कुठलाही असो, तुमचा चर तयारच.
तरी सांगतो: डक्ट एकदाच टाकावा, ४० मिमीचे एचडीपीई पाइप, निदान चार, आणि त्यातले दोन रिकामे ठेवून भाड्याने द्यावेत. रस्ता करतानाच टाकले तर पुन्हा खोदावे लागत नाही. हे रस्ते विभागाला माहीत नसते असे नाही. त्यांच्या निविदेत ती ओळच नसते.

टपरीनेट
मूळ प्रश्नावर या. महापालिकेने हे करायचेच कशाला? ९ डिसेंबर २०२०ला केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-वाणी (दुकानादुकानांतून सार्वजनिक वाय-फाय द्यायची योजना) मंजूर केली. चहावाला, किराणावाला, झेरॉक्सवाला कोणीही पीडीओ (वाय-फाय विकणारे केंद्र) होऊ शकतो, त्याला परवाना नाही, फी नाही. नोंदणी, लॉगिन, हिशोब हे पीडीओएने (अशी अनेक केंद्रे सांभाळणाऱ्या कंपनीने) बघायचे. टपरीवाल्याच्या पोटाचा प्रश्न असल्याने राउटर बंद पडला तर तो पाच मिनिटांत चालू करतो. महापालिकेत तक्रार तीन टेबले फिरते.

रोहित्र
आणि किती झाले हो तुमचे वाणी? २०१८च्या राष्ट्रीय डिजिटल संचार धोरणात २०२२पर्यंत एक कोटी हॉटस्पॉट लिहिले होते. २०२४मध्ये दोन लाखांच्या आसपास होते.

टपरीनेट
का रखडले तेही सांगा ना. टपरीवाल्याने घरगुती फायबर मागितले की कंपन्या म्हणायच्या, तुम्ही पुढे विकणार, तेव्हा लीज्ड लाइन (व्यवसायांसाठीची खास जोडणी) घ्या. ट्रायच्याच (दूरसंचार नियामकाच्याच) म्हणण्यानुसार १०० एमबीपीएसची लीज्ड लाइन घरगुती जोडणीच्या ४० ते ८० पट महाग पडत होती. दहा रुपयांचे कूपन विकणारा ती घेईल? जून २०२५मध्ये ट्रायने आदेश काढला की २०० एमबीपीएसपर्यंतचे घरगुती प्लॅन पीडीओला जास्तीत जास्त दुप्पट दराने द्यावेच लागतील. खेळ आता कुठे सुरू झालाय.

अभ्यासिका
सगळे पुरवठादाराच्या बाजूने बोलताय. वापरणार कोण? 'डेटा स्वस्त आहे, वाय-फाय कशाला' हे पोस्टपेडवाले म्हणतात. स्पर्धा परीक्षेची मुले दिवसाच्या दीड जीबीत तासिकांचे व्हिडिओ बघतात, संध्याकाळपर्यंत डेटा संपतो. २८ दिवसांनी रिचार्ज. त्यांना चौकात वाय-फाय नकोच आहे. महापालिकेच्या वाचनालयात, अभ्यासिकेत, रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात द्या. तिथे छप्पर आहे, वीज आहे, माणूस तीन-चार तास बसतो.

रोहित्र
शंभर टक्के सहमत. धाग्यातला पहिला शहाणा प्रतिसाद. भिंतीआड बाहेरचा सिग्नल पोचत नाही, हे अमेरिकेत फिलाडेल्फियात भरपूर पैसे घालवून कळले आहे. तिथे अर्थलिंक कंपनीने सगळ्या शहरावर वाय-फाय पसरायचे काम घेतले आणि २००८मध्ये अंग काढून घेतले. कारण साधे आहे. २.४ गिगाहर्ट्झला आपल्याकडे अँटेनासकट चार वॅटपर्यंत परवानगी आहे, पण फोनची ताकद ३० ते १०० मिलिवॅट. खांबाचे ओरडणे फोनला ऐकू येते, फोनचे कुजबुजणे खांबाला येत नाही. स्क्रीनवर पट्ट्या पूर्ण आणि पान उघडत नाही, ते यामुळेच. जोर वाढवून हे आणखी बिघडते.

चावडी
मुंबईत तर केलेच होते. ९ जानेवारी २०१७, ५०० ठिकाणी, 'आपले सरकार मुंबई वाय-फाय'. लोकांनी वापरलेच ना?

टपरीनेट
तारीख बघा. फेब्रुवारीत पालिकेची निवडणूक. १ मेपर्यंत १२०० ठिकाणांचा वायदा. आणि सप्टेंबर २०१६पासून जिओ खिशातच फुकट वाटत होता, ३१ मार्च २०१७पर्यंत. मुहूर्त बघून योजना काढली की असे होते.

एसटीवाला
माझा प्रश्न वेगळा. ओटीपीचे काय? स्टँडवर वाय-फायला जोडले की पान उघडतच नाही, उघडले तर ओटीपी येत नाही, आला तोवर गाडी लागते. ही कटकट आधी काढा.

स्प्लायसर
यात तीन वेगळ्या बिघाडांची खिचडी आहे.
पान न उघडणे: अजून फोन पोर्टलपर्यंत (लॉगिनच्या पानापर्यंत) पोचलेलाच नसतो. '/२४'चा सबनेट (फोनना वाटायच्या नेटवर्क-पत्त्यांचा गट) म्हणजे २५४ पत्ते आणि लीज (एका फोनकडे पत्ता राहायची मुदत) ठेवलेली असते चोवीस तासांची. लॉगिन न करता नुसते जोडले गेलेले फोनही पत्ता अडवतात. गर्दीच्या स्टँडवर सकाळी नऊलाच पत्ते संपतात, पण अडवणारे फोन एव्हाना दुसऱ्या गावी पोचलेले असतात. '/२१'चा सबनेट घ्या, २०४६ पत्ते, आणि लीज २० मिनिटे.
ओटीपी न येणे: डीएलटीवर (व्यावसायिक मेसेजचे मजकूर आधी नोंदवायच्या यंत्रणेवर) नोंदवलेल्या मजकुरात आणि पाठवलेल्या मजकुरात एका स्पेसचा फरक पडला तरी मेसेज अडतो. त्यात लिंक असेल तर १ ऑक्टोबर २०२४पासून ती श्वेतयादीत आधी नोंदवलेली लागते. पोर्टल बदलणारा ठेकेदार हे विसरतो.
रोज नव्याने ओटीपी मागणे: पोर्टल मॅक पत्त्यावरून (फोनच्या वाय-फायच्या ओळख-क्रमांकावरून) ओळखते. नवे फोन नेटवर्कगणिक बनावट मॅक दाखवतात, 'नेटवर्क विसरा' केले की तोही बदलू शकतो. मॅकवर विसंबू नका, पासपॉइंटचे प्रोफाइल (फोनमध्ये एकदा साठवले की आपोआप लॉगिन करणारे) द्या.

अभ्यासिका
ओटीपीच काढून टाका ना. सरळ उघडे ठेवा.

रोहित्र
ठेवा आणि जा तुरुंगात. जुलै २००८मध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधीची धमकीची मेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वाय-फायवरून गेली होती. फेब्रुवारी २००९मध्ये दूरसंचार विभागाची सूचना आली: सार्वजनिक ठिकाणी ओळख पटवल्याशिवाय जोडणी नाही, नोंदी वर्षभर ठेवायच्या.

टपरीनेट
वर्षभर हे जुने झाले. परवानाधारक कंपन्यांसाठी डिसेंबर २०२१पासून दोन वर्षे. पीडीओएंसाठी वर्ष.

रोहित्र
बरं, दोन. कीस काढा.

चावडी
म्हणजे फुकट वाय-फायच्या बदल्यात सरकार माझा नंबर आणि मी काय बघतो ते दोन वर्षे ठेवणार? आणि वर जाहिरातदाराला विकणार?

रोहित्र
जाहिरातींतून खर्च काढा असे काल तुम्हीच म्हणालात! जाहिरातदार नुसत्या पोस्टरचे पैसे देत नाही, पोर्टलवरच्या मोबाइल नंबरांचे देतो. कबूल करा.

चावडी
कबूल. जाहिराती मागे घेतो. बाकी मुद्दा कायम.

स्प्लायसर
ही नोंदींची चर्चा फार वर वर चाललीय. एका सार्वजनिक आयपीमागे (इंटरनेटवरच्या पत्त्यामागे) शेकडो लोक असतात. तपासाला आलेला पोलीस विचारतो, अमुक वेळी या आयपीवरून कोण होते. नॅटच्या (एक आयपी अनेकांत वाटणाऱ्या यंत्रणेच्या) नोंदीत सोर्स पोर्ट (प्रत्येक जोडणीचा क्रमांक) नसेल तर उत्तर 'सगळेच'. पोर्ट आहे पण घड्याळ चुकले आहे, तर उत्तर 'दुसराच कोणीतरी'. वीज गेल्यावर स्वस्त राउटरचे घड्याळ १९७०वर जाते आणि एनटीपी (घड्याळ जुळवणारी सेवा) फायरवॉलने अडवलेले असते. त्यासाठी यूडीपी १२३ हा पोर्ट उघडा ठेवा, नोंदी भारतीय प्रमाणवेळेत की यूटीसीत ते लिहून ठेवा, पोर्ट ब्लॉक वाटप करून (प्रत्येकाला पोर्टचा ठरावीक गठ्ठा देऊन) नोंदींचा आकार आवरा. ओटीपी घ्यायचा आणि हे करायचे नाही, म्हणजे लोकांना त्रास देऊन तपासाला काहीच न देणे.

एसटीवाला
परदेशातून गणपतीला आलेल्या पाहुण्याकडे इथले सिम नसते. त्याने काय करायचे?

टपरीनेट
तुमच्याकडून हॉटस्पॉट मागायचा.

अभ्यासिका
अहो, धागा वाय-फायचा होता, तो ओटीपीचा झाला. अभ्यासिकेत किती डबे, कुठली जोडणी, हे कोणी सांगेल का? की फक्त भांडायचे?

रोहित्र
सांगतो. १०० खुर्च्यांच्या हॉलला दोन अ‍ॅक्सेस पॉइंट, छताला, विरुद्ध टोकांना. एकच मोठा नको. ५ गिगाहर्ट्झ मुख्य. २.४ एकाच डब्यावर चालू ठेवा, चॅनल १, ६ किंवा ११, चॅनल रुंदी २० मेगाहर्ट्झ. पहिले काम: १, २, ५.५ आणि ११ एमबीपीएसचे जुने वेग बंद करा, किमान १२ ठेवा. दाराबाहेरचा एक फोन १ एमबीपीएसवर लटकला की १५०० बाइटचे पाकीट पाठवायला १२ मिलिसेकंद हवा अडवतो. ५४वर तेच पाव मिलिसेकंदात होते. एकामुळे हॉल रखडतो.
प्रत्येकाला ५ एमबीपीएसची मर्यादा, क्लायंट आयसोलेशन (फोन एकमेकांना दिसू न देणे) चालू, एसएसआयडी (वाय-फायचे नाव) एकच. कॅट-६ केबल १०० मीटरच्या आत, ३० वॅटचा पीओई (त्याच केबलमधून वीज देणारा) स्विच, त्याला यूपीएस. जोडणी २०० एमबीपीएसची एक आणि दुसऱ्या कंपनीची १००ची राखीव.

टपरीनेट
आणि ती राखीव जोडणी वेगळ्या मार्गाने येते का ते बघा. दोन्ही कंपन्यांचे फायबर एकाच खांबावरून लोंबकळत असेल तर राखीव ही फक्त बिलात.

डांबरट
आणि जमिनीखालून असेल तर एकाच चरातून. जेसीबीचे एक बोट पुरते.

स्प्लायसर
डांबरटराव, आज प्रथमच विषयाला धरून बोललात.

चावडी
ठीक आहे. चौक सोडले, अभ्यासिका आणि रुग्णालये धरली. सीसीटीव्हीचे खांब असलेले एसटी आणि पीएमपीचे मोठे थांबेही घ्या, तेवढे तरी द्या.

रोहित्र
मोठे थांबे चालतील. पण निविदेत 'इतके हॉटस्पॉट बसवणे' असे लिहू नका. बसवले की ठेकेदाराचे बिल निघते आणि तो गायब. पैसे महिन्यागणिक द्या, चालू राहिलेल्या तासांवर, आणि ते तास ठेकेदाराच्या डॅशबोर्डवरून मोजू नका. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटांनी पोर्टलमधून खरोखर लॉगिन करून एक पान उघडून बघणारे यंत्र ठेवा. पिंगला ('चालू आहेस का' या साध्या हाकेला) उत्तर देणारा डबा माणसाला पान उघडून देईलच असे नाही.

चावडी
ते यंत्र दर पाच मिनिटांनी ओटीपी कुठून आणणार?

स्प्लायसर
हाहा. पकडले.
त्याला चाचणीचे खाते द्या, नंबर पोर्टलवर आधीच नोंदवून. आणि ओटीपीची चाचणी वेगळी, तासाला एकदा, यंत्रात खरे सिम घालून. सिमच्या रिचार्जची तारीख कोणाच्या तरी कॅलेंडरवर लिहा, नाहीतर २९व्या दिवशी सगळे शहर बंद असल्याचा अहवाल येईल.